कल्हई, कळक आणि आजीचं तपेलं

ताईच्या मुलीने गेल्या वर्षी इंदुरातच नवा फ्लॅट घेतला. स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा आर्किटेक्टने तिला मोबाइलवर चित्रं दाखवली. त्यात ओट्यावर ग्रॅनाइटऐवजी तांब्याचा पत्रा होता, लालसर, झगझगीत, देव्हाऱ्यातल्या ताम्हणासारखा. ती हरखली आणि तिने मला फोन केला. "मामा, तू रोज पाणी तपासतोस. तांबं चांगलं ना रे? सगळे तर तांब्याचंच पाणी पितात हल्ली."

मी डिप्लोमा होल्डर माणूस. राज्य सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या खात्यात वीस-बावीस वर्षं काढली. पाण्यात तांबं किती चालतं, हा आकडा मला पाठ आहे. तो तिला सांगून मोकळा झालो असतो, पण आमच्या घरात तांब्याचा एक जुना हिशेब आहे. त्यामुळे म्हटलं, "रविवारी ये, बोलू." त्या बोलण्यातून हा लेख झाला.

पहिली गोष्ट अशी की तांब्याचा ओटा आपल्याकडे कधीच नव्हता. मुळात उभ्याने स्वयंपाक करायचा ओटाच आपल्या घरांत फार जुना नाही. चूल जमिनीवर, तिच्या शेजारी पाट, आणि सगळा कारभार बसून. उभा ओटा गेल्या शतकातला, त्यावर आधी कडप्पा बसला आणि मग ग्रॅनाइट. तांबं होतं ते ओट्याच्या आजूबाजूला. मोरीत बंब आणि घंगाळ, माजघरात पाण्याचा हंडा, देवाजवळ ताम्हण, पळी, पंचपात्र, आणि मांडणीवर उतरत्या क्रमाने पातेली, तपेली. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात हे सगळं मी पाहिलेलं आहे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चिंच आणि राख घेऊन ते घासायचं काम आम्हा मुलांकडे असे.

हे तांबं यायचं कुठून, याचा आपण फारसा विचार करत नाही. आज देशातली तांब्याची एक मोठी खाण आपल्याच राज्यात, बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडला आहे. राजस्थानात खेतडीच्या परिसरातलं तांबं तर फार प्राचीन. पण दख्खनच्या काळ्या पाषाणात तांबं जवळजवळ नाहीच. म्हणजे मराठी मुलुखातला तांब्याचा प्रत्येक हंडा बाहेरच्या धातूचा. सतराव्या शतकात डच व्यापारी नागासाकीहून जपानी तांब्याच्या कांड्या जहाजांत भरून सुरतेला आणत. पुढे अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने विलायतेतलं तांबं आणायला सुरुवात केली, कॉर्नवॉलच्या खाणींतलं, स्वान्सीच्या भट्ट्यांत वितळवलेलं. शिवरायांनी १६७४ च्या राज्याभिषेकानंतर जी शिवराई पाडली तीही तांब्याची, आणि आमच्या होळकरांच्या पाव आण्यावर जो बसलेला नंदी आहे तोही तांब्यावरच. धातू परका आणि महाग, म्हणून भांडं ही संपत्ती. अडीनडीला भांडी सावकाराकडे गहाण पडत, लग्नकार्यात एकमेकांना उसनी दिली जात, आणि म्हणूनच त्यांच्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं असे. भांड्यांवरची ही नावं हौसेची असतात असं मी लहानपणी समजत होतो. ती खरी तर मालकीची नोंद.

त्या धातूचं भांडं करायचं काम तांबटांचं. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी अजून आहे. तिथले त्वष्टा कासार कोकणातून आले आणि पेशवाईत त्यांचा जम बसला, असं त्यांच्यात सांगतात. इंदुरात हेच काम करणाऱ्यांना कसेरे म्हणतात. राजवाड्यामागचा कसेरा बाजार त्यांचाच, जरी तिथे आता बहुतेक दुकानांत स्टील आणि नॉनस्टिक टांगलेलं असतं. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. आपल्या तांबटांना असा मान मिळालेला नाही, पण काम त्याच तोडीचं.

मठारकाम म्हणजे भांड्यावर दिसणारे ते गोल गोल ठोके. आज ते नक्षी म्हणून विकले जातात, यंत्रावर दाबूनही काढतात. मुळात ती नक्षी नव्हे. तापवून थंड केलेलं तांबं इतकं मऊ असतं की अंगठ्याने वाकेल. त्यावर हातोडीचा ठोका पडला की तेवढी जागा आवळते आणि कडक होते. एकाशेजारी एक, जागा न सोडता ठोके मारत नेले की पातळ पत्र्याचं भांडंही ताठ उभं राहतं. जास्त ठोकलं तर तडकतं, म्हणून मध्ये पुन्हा तापवायचं. यंत्रातून निघालेला विलायती पत्रा मुंबई बंदरात उतरायला लागल्यावर गोळ्यापासून पत्रा काढायचे कष्ट वाचले, पण ठोके वाचले नाहीत. जुनं भांडं घेताना आजी ते बोटाच्या पेराने वाजवून बघायची. मठारलेलं भांडं खणखणतं, नुसतं दाबून काढलेलं थापल्यासारखं वाजतं.

आता मुद्द्याकडे येतो. कोणतं भांडं कशाला, याचे नियम घरात कुणी शिकवत नसे, पण पाळत सगळे. पाण्याचं तांबं उघडं. हंडा, बंब, घंगाळ यांना आतून काही लावायचं नाही. पूजेचं तांबंही उघडं. पण ज्यात शिजवायचं ते पातेलं आतून कल्हई केलेलंच हवं. आणि आंबट तर उघड्या तांब्या-पितळेला लागूच द्यायचं नाही. ताक, कढी, आमटी, चिंचेचा कोळ उघड्या पितळेत राहिला की कळकतो. कळकणं हा शब्द आमच्या मुलांना आता माहीत नाही. धातूची ती हिरवी, जिभेला चरचरणारी चव, मळमळ, आणि मग सगळं मोरीत ओतायचं. एका शब्दात अख्खं रसायनशास्त्र होतं. आम्ल तांब्याला विरघळवतं, तांबं अन्नात उतरतं आणि जीभ ते लगेच ओळखते.

"आयुर्वेदात तांबं सांगितलंय" असं आजकाल जो तो म्हणतो. पण रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथांनी तांब्याचे नेपाळ आणि म्लेंच्छ असे प्रकार केले, त्यातला एक घ्यावा नि दुसरा टाळावा असं सांगितलं, आणि शोधन न केलेल्या तांब्याला विषाहून वाईट ठरवलं. ही अर्धी बाजू तांब्याची बाटली विकणारे छापत नाहीत.

कल्हई म्हणजे कथलाचा पातळ लेप. आमच्या गल्लीत कल्हईवाला वर्षातून दोनदा यायचा. "कलईऽऽ" अशी हाक हिंदीत, पण आमच्या घरी तो कल्हईवालाच. वडाखाली खड्डा खणून त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. त्याचा पोरगा पातेल्यात गोणपाट आणि वाळू टाकून, दोन्ही पाय आत ठेवून, भिंतीला धरून कंबर गरगर फिरवायचा. ते बघायला आम्ही शाळा बुडवली आहे. भांडं असं आतून उजळलं की भट्टीवर, मग चिमूटभर नवसागर. पांढरा धूर नाकात जायचा, खोकला यायचा. कथलाची कांडी तापल्या तळाशी टेकवली की ती लोण्यासारखी पघळायची. कथील २३२ अंशांना वितळतं आणि तांबं १०८५ ला, म्हणून हे जमतं. कापसाच्या बोळ्याने दोन-चार फेरे, आणि काळपट तांब्यात एकदम चांदणं पडायचं. पाण्यात बुडवताना चर्रर्र. लबाड कल्हईवाला कथलात शिसं मिसळायचा, शिसं स्वस्त म्हणून. आजी कांडी आधी हातात मागून घ्यायची. चांगलं कथील वाकवलं की करकरतं, आणि शिसं कागदावर काळी रेघ ओढतं, एवढी परीक्षा तिला पुरे. शिसं किती घातक ते तिला माहीत असण्याचं कारण नव्हतं. फसवणूक नको, एवढंच तिचं म्हणणं.

अशी चोख बाई. आणि तिच्याच घरात ते झालं.

आजीचं लग्न १९४५ चं. माहेर धारचं. लग्नात तिला तिच्या मामाने तांब्याचं एक तपेलं दिलं, दोन शेर दूध मावेल एवढं, काठावर "चि. सौ. इंदूस" आणि साल. ते दुधाचं तपेलं ठरलं. त्यातच दूध तापायचं, त्यातच दिवसभर राहायचं. त्याला कल्हई होती का? आजी म्हणायची, "आली तेव्हा होती. मग लढाईत कल्हई महागली ती महागलीच."

हे तिचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं. त्याचा अर्थ फार उशिरा लागला. कथील आपल्या देशात जवळजवळ निघत नाही. जगाला ते पुरवायचे मुख्यतः मलाया आणि डच ईस्ट इंडीज. १९४२ मध्ये जपानने दोन्ही घेतले आणि कथलाचा पुरवठा तुटला. सिंगापूर पडल्याची बातमी आमच्या रामबागेतल्या घरात केसरीतून आली असेल, पण ती स्वयंपाकघरात पोहोचली ती कल्हईवाल्याच्या भावातून. लढाई संपल्यावरही ओढाताण होतीच. मग आमटीचं, कढीचं पातेलं आधी कल्हईला जायचं, कारण ते कळकतं. दुधाचं तपेलं मागे राहायचं. दूध कुठे कळकतं?

आजीचं पहिलं मूल, मुलगा, सव्वा वर्षाचा होऊन गेला. दुसरी मुलगी, दीड वर्षाची. दोघांचंही एकच. आधी किरकिर, मग पोट फुगलेलं, उजव्या बरगडीखाली हाताला दगडासारखं लागणारं यकृत, शेवटी कावीळ. तेव्हा सगळे "लिव्हर झालं" एवढंच म्हणत. त्या काळी मराठी घरांत हा शब्द काय दहशतीचा होता ते सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना विचारा. एका घरात दोन-दोन, तीन-तीन मुलं जायची. म्हणून लोकांनी तो रक्ताचा दोष ठरवला, आणि रक्त म्हणजे बाईचं रक्त. आजीच्या सासूने धारहून आणलेल्या पत्रिका पुन्हा काढल्या. घरात दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला होता, हे मला वडिलांनी खूप नंतर सांगितलं.

तिसऱ्या खेपेला आजीच्या आईने लेकीला बाळंतपणानंतर परत पाठवलंच नाही. माझे वडील दोन वर्षं आजोळी, धारजवळच्या खेड्यात वाढले. तिथे दूध मातीच्या मडक्यात तापायचं. ते जगले. घर बदललं म्हणून दोष टळला, असं दोन्हीकडच्या लोकांनी मान्य केलं.

खात्याच्या एका प्रशिक्षणात पिण्याच्या पाण्याची मानकं शिकवत होते. तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत, हे आपलं भारतीय मानक. जागतिक आरोग्य संघटना २ मिलिग्रॅमपर्यंत जाते. ही मर्यादा आली कुठून, असा प्रश्न मी सहज विचारला. व्याख्यात्याने लहान मुलांच्या एका यकृतविकाराचा उल्लेख केला आणि म्हणाला, त्याचं कोडं तुमच्या पुण्यात सुटलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडून तपशील लिहून घेतला.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर हा विकार अभ्यासला. या मुलांच्या यकृतात तांबं भयंकर प्रमाणात साठलेलं असे, हे तोवर कळलेलं होतं. यांनी साधा घरगुती प्रश्न विचारला: बाळाला वरचं दूध कधी सुरू केलं, आणि ते कोणत्या भांड्यात तापवत होता? आजारी मुलांच्या घरी गाईम्हशीचं दूध लवकर सुरू झालेलं होतं, आणि ते कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं होतं. १९८३ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढच्या अभ्यासात हेही दिसलं की दुधातलं केसिन तांब्याला धरून ठेवतं. दूध नासत नाही, हिरवं होत नाही. आईच्या दुधावरचं मूल सुरक्षित, गरिबाघरचं मडक्यातलं दूध पिणारं मूल सुरक्षित. ज्या घरात दुभतं होतं आणि लग्नात मिळालेली चांगली भांडी होती, तिथेच धोका.

पुढे १९९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या टायरॉल प्रांतातून असाच वृत्तांत आला. १९०० ते १९७४ या काळात तिथल्या डोंगराळ खेड्यांत १३८ मुलं याच तऱ्हेने दगावली होती. तिथेही दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळत, आणि तिथेही लोक त्याला घराण्याचा दोषच समजत. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला. काही मुलांत जन्मजात नाजूकपणा असेलही, अभ्यासकांनी ती शक्यता सोडलेली नाही. पण तांबं पोटात गेलं नाही तर त्या नाजूकपणाने काही बिघडलं नाही. आपल्याकडेही स्टील आलं, जागरूकता आली, आणि आज तरुण डॉक्टरांना हा विकार पुस्तकातच भेटतो. स्टीलला नावं ठेवणाऱ्या लेखांचा सध्या सुकाळ आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आजीच्या घरात नेमकं हेच झालं, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. कोणी तपासणी केली नव्हती. पण वय, लक्षणं, तपेलं, लढाईनंतरची कल्हई आणि आजोळचं मडकं, हे सगळं एका रेषेत येतं. मी हे घरी आणलं तोवर आजी जाऊन दहा वर्षं झाली होती. वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तिच्या रक्तात काही नव्हतं." आणि मला माळ्यावरून तपेलं काढायला लावलं. त्यांनी ते स्वतः चिंचेने घासलं, पुसलं आणि पुन्हा फडक्यात बांधून ठेवलं. तोवर आमच्याकडे ते भंगारात द्यावं की नाही यावर दर दिवाळीला वाद व्हायचा, तो त्या दिवसापासून बंद झाला.

भाचीला रविवारी हे सगळं ऐकवलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "मग ओटा नकोच?" तसं नाही. तांब्यात पाणी ठेवायला माझी ना नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मेले, आणि पाण्यात उतरलेलं तांबं मर्यादेच्या खूप आत राहिलं. उघड्या तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू तगत नाहीत हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये अधिकृतपणे मान्य केलं. पण पत्र्यावर चमक टिकवायला लाखेचा किंवा प्लास्टिकचा लेप दिला तर हा गुण संपला, मग नुसता रंग घ्यायचा.

म्हणून तिला सांगितलं, पत्रा घ्यायचा तर दीड मिलिमीटरच्या आसपास जाड घे. पातळ पत्रा वरवंटा पडला की खळगा धरतो. खाली भक्कम पाणीरोधक प्लाय, सांधे नीट झाळलेले, पत्र्याची कड खाली वळवलेली, नाहीतर हात कापेल. लेप नको. महिन्याभरात त्यावर तपकिरी छटा चढेल, डाग पडतील, प्रत्येक ओल्या पेल्याचं वर्तुळ उमटेल. ते बघून जीव कासावीस होणार असेल तर आत्ताच ग्रॅनाइट सांग. तापलेली कढई थेट ठेवू नको, तांब्याला काही होत नाही पण खालचा गोंद सुटतो. तारेची घासणी नको. लिंबू, चिंच, दही, टोमॅटो सांडलं की तिथल्या तिथे पुसायचं. उजळायचं असेल तेव्हा लिंबू-मीठ चालेल, पण लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करायचं, नाहीतर हिरवं जंगाल चढतं. कणीक, लोणच्याच्या फोडी, काहीही थेट त्यावर ठेवायचं नाही, परातीतच. आणि बाळाचं दूध, ते झालं की, स्टीलमध्ये.

"मामा, अजून लग्नाला वर्ष नाही झालं," ती म्हणाली.

शेवटी तिने खिडकीजवळच्या दोन फुटांनाच तांबं लावायचं ठरवलं, जिथे पिण्याच्या पाण्याचा हंडा राहील. बाकी ओटा काळा ग्रॅनाइट. पत्रा कसेरा बाजारातल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून मठारून घेतला. त्याने जाताना विचारलं, घरी जुनी भांडी आहेत का, कल्हई करून देतो, त्याचा मुलगा अजून करतो. मी आजीचं तपेलं नेलं. त्याने ते उलटं धरून बोटाच्या पेराने वाजवलं, काठावरचं नाव वाचलं आणि यात काय शिजवणार म्हणून विचारलं. काही नाही, म्हटलं. मग कशाला पैसे घालवता, म्हणाला. तरी करून घेतली.